पेल्यांचा हिशेब

छत्तीसगड या नावाची उपपत्ती सांगताना रतनपूर आणि रायपूर या दोन राजधान्यांचा उल्लेख करावाच लागतो. शिवनाथ नदीच्या उत्तरेकडील अठरा गढ रतनपूरच्या हैहयवंशी राजाकडे आणि दक्षिणेकडील अठरा गढ त्याच वंशाच्या रायपूर येथील धाकट्या शाखेकडे, अशी या छत्तीस गढांची वाटणी होती. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सरदार भास्करराम कोल्हटकर रतनपूरवर चालून गेला आणि पुढे १७५८ मध्ये बिंबाजी भोसले तेथे येऊन राहिला. तेव्हापासून या मुलुखाचा मराठी माणसाशी निकटचा संबंध जडला. परंतु त्या आधीच्या हैहय राजांपैकी लोकांच्या तोंडी जे एक नाव विशेष राहिले आहे ते कल्याणसाय याचे. कल्याणसाय दिल्लीच्या बादशहाकडे गेला, तेथे आठ वर्षे राहिला आणि मानसन्मान घेऊन परतला, अशी परंपरा आहे. त्याच्या पदरी असलेल्या गोपल्ला नावाच्या मल्लाच्या पराक्रमाचे गीत छत्तीसगडात पिढ्यान्‌पिढ्या गाइले गेले.

लोकगीताला तारखेची फिकीर नसते. गेल्या शतकाआधीच्या इंग्रज अंमलदारांनी जुन्या कागदांवरून कल्याणसायाला अकबराच्या काळात बसविले. त्याची गाठ ज्या बादशहाशी पडली त्याने मात्र स्वतःच्या हाताने नोंद करून ठेवली आहे, आणि ती १६१९ सालची आहे. शहाजादा परवेज अलाहाबादहून आग्र्यास आला आणि ज्याच्यावर त्याने फौज धाडली होती तो रतनपूरचा जमीनदार राजा कल्याण ८० हत्ती आणि १ लाख रुपये नजराणा घेऊन हजर झाला, असे जहांगीर आपल्या आत्मवृत्तात सांगतो. त्याला या रानमुलखातील हत्तींचे कौतुक फार. राजाविषयी याहून अधिक काही लिहिण्याची गरज त्याला वाटली नाही.

रायपूर-रतनपूरचा इतिहास शोधणारे येथे थांबतात आणि ते योग्यच आहे. परंतु त्या दिवशी दरबारात समोरासमोर आलेल्या या पितापुत्रांकडे पाहिले, म्हणजे एक निराळीच हकीकत नजरेस पडते. सिंहासनावर बसलेल्या पित्याने तीन वर्षांपूर्वीच, १६१६ च्या जानेवारीत, आपल्या मद्यपानाचा हिशेब पेल्यांची संख्या व वजन यांसह लिहून काढला होता. त्याचे दोन सख्खे नव्हत पण सोबत वाढलेले भाऊ दारूने ऐन तारुण्यात नेले होते, आणि दोघांचाही अंत दक्षिणेत, वऱ्हाड-खानदेशाच्या परिसरात झाला होता. राजा कल्याणला घेऊन आलेला पुत्रही त्याच वाटेने चालला होता. थोर घराण्यात जन्मास आलेल्या मुलांचे व्यसन, आणि त्यातून एकाने केलेली अर्धीमुर्धी सुटका, असा हा विषय आहे.

या घराण्याचा मूळ पुरुष बाबर हा पिणारा होता आणि सोडणाराही होता. चाळिसावे वर्ष लागले की दारू सोडायची, असा त्याने मनाशी संकल्प केला होता आणि ते वर्ष जवळ आले म्हणून उरलेल्या दिवसांत तो अधिकच पीत असे. हे त्याने स्वतःच लिहिले आहे. चाळिसावे वर्ष आले आणि गेले. पुढे १५२७ च्या आरंभी राणा सांगाशी खानव्याची लढाई द्यायची होती. सैन्याचा धीर खचला होता. त्या वेळी त्याने सोन्यारुप्याचे पेले फोडून गोरगरिबांत वाटले, दारू जमिनीवर ओतली आणि नुकत्याच आलेल्या गझनीच्या दारूत मीठ टाकून तिचा शिरका करावयास सांगितले. ही शपथ त्याने पाळली. परंतु दोन वर्षांनी काबूलकडील एका जुन्या स्नेह्यास लिहिताना, दारूची आठवण अजून जीव कासावीस करते, असे त्याने मोकळेपणाने कबूल केले आहे. अफूमिश्रित माजूम मात्र चालूच राहिले.

बाबराचा पुत्र हुमायून अफूच्या आहारी गेला होता. अकबर स्वभावाने अत्यंत संयमी आणि उद्योगी. तरीसुद्धा १५७३ मध्ये सुरतेच्या मुक्कामी नशेच्या भरात तो भिंतीत रोवलेल्या तलवारीवर छाती झोकून देण्यास निघाला होता. मानसिंगाने तलवार बाजूस सारली, तेव्हा अकबराने मानसिंगाचाच गळा धरला आणि इतरांना तो मोठ्या प्रयासाने सोडवावा लागला. अकबराचा सावत्र भाऊ मिर्झा हकीम काबूल सांभाळत होता. तो १५८५ मध्ये तिशी ओलांडताच मद्यपानाने मेला. म्हणजे सलीम, मुराद आणि दानियाल हे अकबराचे तीन पुत्र ज्या घरात वाढले, त्या घरात सुरई ही काही चोरून आणावयाची वस्तू नव्हती.

या मुलांचा जन्म नवसासायासाचा. अकबराची पहिली मुले जगली नाहीत. मग सीक्रीच्या शेख सलीम चिश्तीच्या आशीर्वादाने १५६९ मध्ये मोठा मुलगा झाला, त्याला सलीम हे नाव दिले गेले आणि त्या आनंदात सीक्रीच्या खडकाळ टेकडीवर एक राजधानी उभी राहिली. १५७० मध्ये मुराद आणि १५७२ मध्ये अजमेरात दानियाल जन्मला. तिघांच्या शिक्षणात बापाने कसूर केली नाही. मुरादाला शिकविण्यासाठी तर गोव्याहून आलेल्या जेझुइट पाद्र्यांपैकी मोन्सेरात याची योजना झाली होती. पण अकबरासारख्या पुरुषाचा मुलगा असणे हे एक विलक्षण ओझे होते. बाप तेराव्या वर्षी गादीवर आला, विशीत त्याने राज्य स्वतःच्या मुठीत घेतले आणि तिशीत गुजरात जिंकले. मुलांना वयात येताच मोठमोठ्या मनसबी, सुभे आणि फौजा मिळाल्या. परंतु त्यांच्याबरोबर नेहमी बापाचा एखादा मुरलेला सरदार असे, आणि खरा कारभार त्याच्या हाती राही. हुकूम आपल्या नावाचा, निर्णय दुसऱ्याचा आणि यश झालेच तर ते बादशहाच्या पुण्याईचे! अशा स्थितीत तरुण माणसाच्या हाती जी एक गोष्ट पूर्णपणे स्वतःची उरते ती म्हणजे संध्याकाळ. शहाजाद्याला त्या वेळी अडविणारे कोणीही नसे.

मुरादाची कथा वऱ्हाडातली आहे. १५९५ च्या अखेरीस त्याने अहमदनगरला वेढा घातला. आत चांदबिबी होती. बाहेर मुराद आणि त्याचा जोडसेनापती खानखानान अब्दुर्रहीम यांचे एकमेकांशी पटत नव्हते. सुरुंग लावून तटाला खिंडार पाडले, पण ते चांदबिबीने रातोरात बुजवून घेतले, आणि अखेर १५९६ मध्ये वऱ्हाडावर समाधान मानून मोगलांना वेढा उठवावा लागला. मुरादाने बाळापूरजवळ शहापूर वसविले आणि तेथे तो राहू लागला. खानखानानाशी भांडण चालूच होते. त्यात त्याचा लहान मुलगा रुस्तुम दगावला. या दुःखात त्याचे पिणे पराकोटीस गेले, त्याला कंप सुटला आणि फेफऱ्यासारखे झटके येऊ लागले. मुलाला परत घेऊन यावे म्हणून अकबराने आपला जिवलग मंत्री अबुल फजल याला दक्षिणेत पाठविले. बोलावणे येत आहे हे कळताच, बापाला तोंड दाखवावे लागू नये म्हणूनच की काय, मुराद पुन्हा अहमदनगरच्या रोखाने निघाला. १५९९ च्या मे महिन्यात पूर्णेच्या काठी, दौलताबादेपासून सुमारे वीस कोसांवर, तो मरण पावला. अबुल फजल छावणीत आला तेव्हा काही करण्याची वेळ निघून गेली होती. मुरादाला अजून एकोणतीस वर्षे पुरी झाली नव्हती.

दानियालाचे मरण त्याहूनही चमत्कारिक आहे. तो देखणा, हत्तींचा व उमद्या घोड्यांचा शोकी होता. त्याला हिंदी गाण्याची आवड होती आणि त्या भाषेत तो स्वतः रचनाही करी. मुरादामागे दक्षिणेचा कारभार त्याच्याकडे आला. १६०१ मध्ये अशीरगड पडला आणि त्याच्या नावावरून खानदेशाचे नाव काही काळ ‘दानदेश’ ठेवले गेले. खानखानानाची मुलगी जाना बेगम ही त्याची पत्नी. पुढे विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाची मुलगीही त्याला देण्यात आली. हे लग्न १६०४ मध्ये गोदावरीच्या काठी पैठणजवळ झाले आणि नवरीच्या लवाजम्यात प्रसिद्ध इतिहासकार फेरिश्ता होता. एकनाथांना समाधी घेऊन तेव्हा पाचच वर्षे झाली होती. पैठणच्या वाळवंटाने असाही एक सोहळा पाहिला.

लग्न झाले तेव्हाच नवरदेवाची प्रकृती ढासळलेली होती. एक पुत्र दारूने गमावलेल्या अकबराने या वेळी कडक उपाय योजला. दानियालाकडून शपथा घेवविल्या आणि बुऱ्हाणपुरास खानखानानाच्या माणसांचा पहारा बसविला, की दारूचा एक थेंबही आत जाता कामा नये. काही दिवस हा बंदोबस्त चालला. मग दानियाल चाकरांपुढे रडू लागला, विनवू लागला. त्याचा एक बंदूकवाला होता, मुर्शिद कुली. दानियालाला शिकारीचा नाद असल्याने त्याची एक लाडकी बंदूक होती आणि तिचे नाव त्याने हौसेने ठेवले होते ‘जनाजा’ या अर्थाचे, म्हणजे जिला ती लागेल ती शिकार थेट तिरडीवर. याच बंदुकीच्या नळीत दोनदा गाळलेला अर्क भरून मुर्शिद कुलीने तो पहाऱ्यातून आत नेला. नळीत दारूगोळ्याची काजळी होती, लोखंडाचा गंज होता, तो त्या कडक अर्कात उतरला. दानियाल तो प्याला आणि अंथरुणास खिळला, तो पुन्हा उठला नाही. १६०५ मध्ये बुऱ्हाणपुरात तो वारला, तेव्हा तो तेहतिसाव्या वर्षात होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अकबरही गेला.

या दोघांपेक्षा सलीमचे पिणे कमी होते असे समजण्याचे कारण नाही. उलट, त्याने दिलेले आकडे वाचले म्हणजे तो जगला कसा याचेच आश्चर्य वाटते. लहानपणी खोकला झाला असता दाईने औषध म्हणून गुलाबपाण्यात घालून दिलेला तोळाभर अर्क सोडला, तर अठराव्या वर्षापर्यंत त्याने मद्याला स्पर्श केला नव्हता. अकबराची छावणी अटकेच्या परिसरात होती. एके दिवशी शिकारीच्या दगदगीने थकलेल्या सलीमला उस्ताद शाह कुली नावाच्या गोलंदाजाने सांगितले, की एक पेला घेतला तर हा सारा शीण जाईल. हकीम अलीच्या घरून एका छोट्या कुपीतून पिवळ्या रंगाची, गोड चवीची दीड पेला दारू आली. ती त्याला आवडली. दुसऱ्या दिवशीही ती घेतली गेली. मग मात्रा वाढत गेली. द्राक्षाच्या मद्याने नशा येईना तेव्हा अर्क सुरू झाला. नऊ वर्षांत हे प्रमाण दोनदा गाळलेल्या अर्काच्या वीस पेल्यांवर गेले : चौदा दिवसा आणि उरलेले रात्री. त्याचे वजन हिंदुस्थानी मापाने सहा शेर भरे, असे तो लिहितो. अन्न म्हणजे दिवसाकाठी एखादी कोंबडी, पोळी आणि मुळा. हात इतके कापत की पेला स्वतःला धरता येत नसे, दुसऱ्याने तो तोंडाशी न्यावा लागे. आणि मना करण्याची छाती कोणालाही होत नसे.

अशा अवस्थेत त्याने हकीम हुमामला बोलावून घेतले. हा हुमाम मूळचा गिलानचा, हकीम अबुल फतह याचा भाऊ. अकबराचा तो अत्यंत जवळचा माणूस होता. बादशहाच्या मुदपाकखान्याची देखरेख त्याच्याकडे असे. तो वकिलीवर तुराणास गेला असता त्याच्यावाचून अकबराला जेवण गोड लागेना, अशी गोष्ट सांगतात. शहाजाद्याच्या मर्जीची पर्वा करण्याची त्याला गरज नव्हती. त्याने नाडी पाहिली आणि आडपडदा न ठेवता सांगितले, की अर्क असाच चालू राहिला तर सहा महिन्यांत गोष्ट उपायापलीकडे जाईल. नरकाची भीती नाही, बापाच्या रागाची भीती नाही, घराण्याच्या अब्रूची दुहाई नाही. केवळ एक मुदत. जहांगीर म्हणतो की हे बोलणे हिताचे होते आणि जीव सर्वांनाच प्यारा असतो, म्हणून ते आपल्या मनावर ठसले.

त्यानंतर त्याने जे केले ते वैद्यकदृष्ट्याही लक्षात घेण्यासारखे आहे. त्याने दारू एका दिवसात टाकली नाही. इतक्या वर्षांचा आणि इतक्या मात्रेचा पिणारा माणूस ती एकाएकी थांबवू लागला, तर झटके, भ्रम आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो, हे आज कोणताही डॉक्टर सांगेल. जहांगिराने दोन भाग द्राक्षमद्य आणि एक भाग अर्क असे मिश्रण ठरविले, पेल्यांची संख्या थोडथोडी उतरवीत नेली आणि सात वर्षांत ती सहावर आणली. एका पेल्याचे वजन सव्वाअठरा मिस्काल, हेही त्याने टिपले आहे. दिवसाचे पिणे बंद होऊन ते रात्रीपुरते राहिले. गुरुवार हा राज्यारोहणाचा वार आणि शुक्रवारची पूर्वरात्र पवित्र, म्हणून ती रात्र कोरडी. हे लिहीपर्यंत पंधरा वर्षे आपण याच प्रमाणाने चाललो आहोत, कमी नाही की जास्त नाही, असे तो सांगतो. त्याचबरोबर अफूचाही हिशेब देतो : दिवसाच्या पाच घटका गेल्यावर आठ गुंजा आणि रात्रीचा एक प्रहर उलटल्यावर सहा, मिळून चौदा. कोणी सावकाराने खतावणी लिहावी तसा हा मजकूर आहे. फुले, पक्षी, हत्ती, धूमकेतू, सारे काही मोजण्याची व तोलण्याची या माणसाला विलक्षण आवड होती. सारस पक्ष्यांच्या जोडीने अंडी किती दिवस उबविली याचीसुद्धा त्याने नोंद ठेवली आहे. ती आवड येथे त्याच्या उपयोगी पडली. दानियालाचे पेले पहारेकरी मोजीत होते, सलीमचे सलीमच मोजीत होता.

अर्थात ‘कमी नाही की जास्त नाही’ ही ग्वाही जशीच्या तशी स्वीकारणे इतिहासकाराला अवघड जाते. हुमामची भेट १५९५ च्या सुमारास झाली असावी, कारण त्याच वर्षी हुमाम वारला. त्यानंतर सलीमने अलाहाबादेस बापाविरुद्ध बंड उभारले आणि १६०२ मध्ये अबुल फजलचा खून करविला. मुरादाला आणावयास गेलेला तोच हा अबुल फजल. हे दिवस काही संयमाचे नव्हेत. १६०४ मध्ये आजी हमीदाबानू वारली, त्या निमित्ताने सलीम आग्र्यास आला, तेव्हा अकबराने त्याला आत नेऊन थोबाडीत मारली आणि सुमारे दहा दिवस एका दालनात कोंडून ठेवले. बरोबर वैद्य दिला, दारू आणि अफू बंद केली. एका वृत्तांतात असे आहे, की पहिल्या दिवसभरात मुलाची झालेली तडफड अकबराला पाहवली नाही आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या हाताने अफू घेऊन त्या दालनात गेला. हिंदुस्थानचा सर्वशक्तिमान बादशहा मुलाच्या व्यसनापुढे येथे एखाद्या साध्या गृहस्थाइतकाच हतबल दिसतो. मुराद गेला होता, दानियाल बुऱ्हाणपुरात मरणपंथाला लागला होता, आणि उरलेला हा एकच.

गादीवर येताच जहांगिराने जे बारा हुकूम काढले त्यांतील एक दारू व इतर मादक पदार्थ तयार करण्यास आणि विकण्यास मनाई करणारा होता. तेथेच त्याने लिहिले आहे, की आपण स्वतः अठराव्या वर्षापासून पीत आलो आहोत. कायदा करणाराच कायदा मोडतो आहे हे स्वतःच्या लेखणीने नोंदविणारा राजा विरळाच. पुढे त्याने पाडलेल्या काही सोन्याच्या मोहरांवर तर त्याची स्वतःची, हातात पेला धरलेली प्रतिमा आहे. १६०९ पासून दरबारात असलेल्या हॉकिन्सने आणि १६१६ मध्ये तेथे पोहोचलेल्या सर टॉमस रो या वकिलाने रात्रीच्या बैठकीत बादशहा पिऊन पेंगत असल्याचे लिहिले आहे. सकाळी मात्र तो झरोक्यात हजर असे, फिर्यादी ऐके, कामे उरकी. सहा पेल्यांनी माणूस निर्व्यसनी होत नाही हे खरेच. पण वीस पेल्यांवरचा सलीम तिशीही पाहता ना, आणि सहा पेल्यांवरच्या जहांगिराने बावीस वर्षे राज्य केले, हेही तितकेच खरे आहे.

हा सगळा कबुलीजबाब त्याने लिहिला तो प्रसंग तर अगदी अनपेक्षित आहे. १६१६ च्या जानेवारीत शहाजादा खुर्रमची चोविसाव्या वाढदिवसाची तुला झाली. खुर्रम तोवर दारूला शिवलेला नव्हता. त्याला बापानेच आग्रह करून त्या दिवशी पहिला पेला दिला. राजेराजवाडे पीत आले आहेत, तूही सणासुदीला घेत जा, पण भान जाईल इतके घेऊ नकोस, असा उपदेश केला आणि त्याला जोडून स्वतःची हकीकत सांगितली. स्वतः ज्यातून कसाबसा निभावला, त्याच्या उंबरठ्यावर मुलाला हात धरून नेणारा हा बाप पाहून मन चकित होते. त्याच्या दृष्टीने मात्र त्यात विसंगती नसावी. मद्य न पिणारा पुत्र ही त्या घराण्यात कल्पनाच बसत नव्हती, आणि प्रमाण शिकविणे हेच त्याला पित्याचे कर्तव्य वाटले असावे.

खुर्रमने तो धडा निराळ्या रीतीने घेतला. १६२० च्या अखेरीस मलिक अंबरावरील मोहिमेसाठी दक्षिणेकडे येताना, आपल्या तिसाव्या वाढदिवसाच्या सुमारास, चंबळेच्या काठी त्याने मद्याचा साठा नदीत ओतविला आणि सोन्यारुप्याचे जडावाचे पेले फोडून गरिबांना वाटले. पणजोबाच्या बापाने खानव्यापूर्वी जे केले होते त्याचीच ही पुनरावृत्ती होती आणि ती जाणूनबुजून केलेली होती. घराण्याची परंपरा पिण्याची होती, तशी सोडण्याचीही एक होती. त्याने दुसरी उचलली.

परवेजला दोन्ही साधल्या नाहीत. खुर्रमहून तो सुमारे सव्वादोन वर्षांनी मोठा. मुराद आणि दानियाल यांच्याप्रमाणे त्यालाही दक्षिणेचा सुभा मिळाला आणि दानियाल जेथे मेला त्या बुऱ्हाणपुरातच त्याचा दरबार भरू लागला. खानखानान अब्दुर्रहीम तेथेही होता. सरदारांची भांडणेही तीच होती. १६१५ च्या नोव्हेंबरात सर टॉमस रो बुऱ्हाणपुरावरून गेला, तेव्हा त्याने शहाजाद्याला नजर केलेल्या वस्तूंत मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती. दरबार आटोपल्यावर खासगी भेट देण्याचे परवेजने कबूल केले होते. रो वाट पाहत बसला आणि शेवटी निरोप आला, की शहाजादे भेटू शकत नाहीत. पेटी उघडली गेली होती. पुढे परवेजला अलाहाबादेस बदलण्यात आले, तेथून त्याने रतनपूरवर फौज धाडली आणि राजा कल्याणला ८० हत्तींसह बापापुढे आणून उभे केले. त्याच्या आयुष्यात स्वतःच्या नावावर जमा करावे असे जे थोडे आहे त्यात छत्तीसगडच्या या मोहिमेची गणना करावी लागते. नंतर खुर्रमच्या बंडाच्या वेळी त्याला महाबतखानाबरोबर पाठलागावर पाठविले, पण युद्ध महाबतखानानेच केले. १६२६ च्या ऑक्टोबरात, पुन्हा बुऱ्हाणपुरातच, अतिमद्यपानाने त्याला पोटशूळ झाला, तो बेशुद्ध पडला, हकिमांनी कपाळावर डाग दिले, त्याचा उपयोग झाला नाही. वय सदतीसच्या घरात होते. खुर्रमने विष घातल्याची कुजबूजही झाली, परंतु परवेजला मारण्यासाठी विषाची आवश्यकता नव्हती.

या पुत्राला सावरण्यासाठी जहांगिराने काही विशेष केल्याचे दिसत नाही. १६२१ पासून तो स्वतःच दम्याने जर्जर झाला होता. श्वास कोंडे, आणि मद्याने क्षणभर उतार पडतो म्हणून तो दिवसाही घेऊ लागला होता. म्हणजे इतक्या वर्षांचा हिशेब मोडला होता. हकिमांनी हात टेकले, तेव्हा नूरजहानने पुढे होऊन पेले पुन्हा हळूहळू कमी केले आणि पथ्य सांभाळले. तिची समज कोणत्याही हकिमाहून अधिक होती, असे तो कृतज्ञतेने नमूद करतो. पुढच्याच वर्षी हात चालेना म्हणून त्याने आत्मवृत्ताची लेखणी मुतमदखानाकडे सोपविली, आणि त्याबरोबर तो प्रांजळ आवाजही थांबला. तेथून पुढची हकीकत दुसऱ्याच्या शब्दांत मिळते.

१६२७ मध्ये काश्मीरच्या मुक्कामी त्याची अफूवरची वासना उडाली. चाळीस वर्षांची ती सोबत होती. द्राक्षमद्याचे काही घोट तेवढे चालत. लाहोरकडे परतताना वाटेत दुखणे बळावले. त्याने पेला मागितला, तो ओठांशी नेला, परंतु घोट खाली उतरला नाही. २८ ऑक्टोबर १६२७ रोजी त्याचा अंत झाला. परवेजला जाऊन तेव्हा एक वर्ष होत होते. आसफखानाने बनारसी नावाच्या जासुदाला ही वार्ता देऊन दक्षिणेत पिटाळले. तो वीस दिवसांत जुन्नरास पोहोचला. खुर्रम तेथे होता.